एका तांब्यात गेलेला महादेव

दूध आधी मधल्या चेहऱ्याच्या कपाळावर पडलं. तिथून नाकाच्या कडेनं खाली आलं, ओठांपाशी जरा थांबलं आणि हनुवटी घेऊन गळ्यात उतरलं. तांब्या रिकामा होईपर्यंत वहिनींनी धार मोडली नाही. अभिषेकाची धार मोडत नाहीत. मग त्यांनी वर बेलाचं पान ठेवलं, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.

हॉलमध्ये आम्ही चौघं होतो. ज्यांनी ते चित्र काढलं ते चित्रकलेचे सर, ज्यांच्याशी त्यांची पैज लागली होती ते इतिहासाचे सर, ह्या इतिहासाच्या सरांची बायको म्हणजे वहिनी, आणि दाराशी बादली घेऊन मी. बादलीत इतिहासाच्या सरांचा मोबाईल होता. चित्र फरशीवर होतं आणि रांगोळीचं होतं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घारापुरीचा तीन तोंडांचा महादेव. तो पुरा झाल्यावर मी केलेला चहा अजून गरम होता.

कुणी ओरडलं नाही. रांगोळीवर दूध पडलं की ते लगेच जिरत नाही, हे मला तेव्हा कळलं. थेंब आधी रंगात लोळून गोळ्यांसारखे पळतात आणि मग एकदम फुटतात.

"अगं!" इतिहासाचे सर म्हणाले. तेही दूध संपल्यावर.

चित्रकलेचे सर गेले तेव्हा परळला शोकसभा झाली. एक जण माइकवर म्हणाला, सर म्हणजे ऋषी होते. ऋषी वगैरे काही नव्हते. भांडखोर होते. चहात साखर कमी पडली तर कप परत पाठवायचे. वर्गात पोराचं चित्र आवडलं नाही तर ते उलटं धरून म्हणायचे, "आता बरं दिसतंय." आणि त्यांची सगळी स्पर्धा मेलेल्या माणसांशी होती. हयात चित्रकारांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "चाललंय त्यांचं." पण घारापुरीचा विषय निघाला, वेरूळचा निघाला, की कपाळाची शीर उडायला लागायची. ज्यांनी ती लेणी कोरली त्यांना ते 'ते लोक' म्हणायचे. जसं काही ते लोक मागच्या गल्लीत राहतात आणि सोसायटीच्या मीटिंगला त्यांची गाठ पडते.

"त्या लोकांनी नाक चांगलं काढलंय," असं एकदा डबा खाता खाता म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

मी त्या शाळेत झाडलोट करायची. शिकलेही तिथेच, चौथीपर्यंत. मला सगळे मावशी म्हणायचे. हेडमास्तर माझ्या बापाच्या वयाचे होते, तेही मावशी म्हणायचे.

सरांची मान कायम खाली. लाजाळू म्हणून नव्हे, फरशी बघायला. कुणाच्या घरी गेले की माणसांच्या आधी जमीन बघायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गिरगावात गेले होते, ती गोष्ट शाळेत सगळ्यांना माहीत होती. पोह्यांची बशी हातात घेऊन हे खाली बघत बसले. मुलीनं वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "जरा सरक बाळ, डिझाइन दिसत नाही." जुन्या चाळीतली रंगीत लादी होती, वेलबुट्टीची. निघताना मुलीच्या वडिलांना सांगून आले, "लादी फार सुंदर आहे. सांभाळा." मुलीबद्दल एक शब्द नाही. पुतण्यानं मग दुसरीकडे लग्न केलं. सर पुढे कितीतरी दिवस हळहळत होते, लादीसाठी.

त्यांच्या घरी भिंतीवर एकही चित्र नव्हतं. लालबागची ती एक खोली. चारी भिंती कोऱ्या आणि कोनाड्यात लोणच्याच्या बरण्या. बरण्यांत रंग. मी विचारलं होतं, चित्रकलेचे सर ना तुम्ही, एखादं तरी लावा. तर म्हणाले, "भिंतीवर लावतात ती कॅलेंडरं."

दर दिवाळीत शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं रांगोळी प्रदर्शन असायचं. लालबाग-परळात तेव्हा बऱ्याच ठिकाणी असायची तशी. माणसांचे चेहरे, देव, मोर, गावाकडचं घर. लोक रांग लावून बघायचे. दाराशी टेबलावर एक भिंग ठेवलेलं असायचं. त्यातून बघितलं की चित्र उठून उभं राहिल्यासारखं दिसायचं. सरांना ते भिंग आवडायचं नाही. "ज्याला उठून बसायचं असेल तो भिंगाशिवाय बसेल," म्हणायचे. पण लोकांना हवं असायचं, म्हणून ठेवायचे.

काम सुरू झालं की पंखे बंद, खिडक्या बंद. ऑक्टोबरचं ऊन बाहेर. आत माणूस शिजायचा. आधी फरशी मी तीनदा पुसायची, मग ते चाळणीनं राखाडी रांगोळीचा एक सारखा थर घालायचे. बालवाडीची दोन बाकं आणि त्यांवर एक फळी टाकून, फळीवर पालथे पडून, तोंडाला रुमाल बांधून चिमटीनं रंग सोडायचे. चिमूट सोडताना श्वास धरायचे. बघणारी माणसंही आपोआप श्वास धरायची. एका वर्षी तपासणीचे साहेब आले. त्यांना तपकिरीची सवय. ते वाकून बघायला गेले आणि शिंकले. एका थोर पुढाऱ्याच्या मिशा अर्ध्या उडाल्या. सगळ्यांना वाटलं, आता सर काय बोलतात. सर फळीवरून उतरले, रुमाल सोडला आणि म्हणाले, "साहेब, तुमचं नाव सांगा. खाली लिहावं लागेल, दोघांनी मिळून काढलंय."

माझं आणि त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. रांगोळीवर हळद-कुंकू वाहिल्याशिवाय ती मोकळी सोडायची नसते. माझ्या आईनं सोडली नाही, मी सोडत नाही. सर म्हणायचे, "मावशी, ही त्यातली रांगोळी नव्हे. ही कला आहे." मी म्हटलं, "मग रंग वापरा. रांगोळी कशाला वापरता?" शेवटी असं ठरलं की चित्रकार खाली उजव्या कोपऱ्यात सही करतात, तिथे सर सही करणार नाहीत. तिथे मी चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू ठेवायचं. ते बरीच वर्षं चाललं.

प्रदर्शन संपलं की झाडायचं. दुसऱ्या शाळांतले रांगोळीवाले त्या दिवशी येत नसत, त्यांना बघवत नसे म्हणे. सर उभे राहायचे.

"कुठून सुरू करू?"

"चेहऱ्यावरून. चेहरा राहिला की बाकीचं झाडताना हात थांबतो."

माझा हात काही थांबत नव्हता, पण म्हणाले म्हणून चेहऱ्यावरून झाडायची. सगळे रंग एक झाले की राख होते. ती मी घरी न्यायची. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चांगली. बऱ्याच थोर माणसांनी मी कळश्या घासल्या आहेत.

एकदा मी म्हटलं, फोटो तरी काढू द्या लोकांना. प्रदर्शनात त्यांनी फोटोला मनाई केली होती. आधी कॅमेरे दाराशी ठेवून घ्यायचे, पुढे मोबाईल आले तेव्हा बादली आली. ती बादली धरून उभं राहणं हे माझं काम. लोक शिव्या घालायचे, त्या मला. म्हणून मी म्हटलं.

सर म्हणाले, "मावशी, त्या काळात रांगोळी काढणारं कुणी नसेल का हो?"

"असेल की."

"दगडवाल्यापेक्षा भारी असेल एखादी बाई. सकाळी काढली, संध्याकाळी झाडली. संपली. आपल्याला माहीत कोण? दगडवाले. उरले म्हणून मोठे. जो उरत नाही तो कसा होता हे कुणी विचारतच नाही."

"मग तुम्हीही संपणार."

"संपेन ना. पण आधी हरवीन. आणि त्यांच्यासारखी टिकायची तजवीज न करता हरवीन."

मला ते पटलं नाही. मला बादलीचं ओझं होत होतं.

इतिहासाचे सर ह्याच्या बरोबर उलट. ठेंगणे, स्वच्छ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. कोकणातले, वाडीहून मुंबईत आलेले, पण बोलायचे पुस्तकासारखं. मालवणी फक्त वहिनींशी, तीही वहिनी चिडल्या की. त्यांचा एक शब्द ठरलेला होता. पुरावा. शिपाई म्हणाला की बाहेर ट्राफिक आहे, तर हे म्हणणार, "पुरावा?" त्यांचं म्हणणं असं की जुन्यांना मागे टाकणं आता शक्य नाही. सगळं मोठं करून झालंय. आता आपण फक्त नक्कल करायची आणि नीट करायची. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दोघांची जुंपायची. मी कप गोळा करायला जायची तेव्हा कानावर पडायचं.

"त्यांना डोंगर मिळाला, राजा मिळाला, वेळ मिळाला," सर म्हणायचे. "मला दिवाळीची सुट्टी मिळते."

"कारणं आहेत ही."

"चुकलं तर काय करत असतील ते लोक?"

"चुकत नसतील."

"पुरावा?" सर विचारायचे. मग इतिहासाचे सर चहा प्यायचे.

एकदा इतिहासाचे सर म्हणाले, "अहो, साधी गोष्ट आहे. त्यांनी देव घडवला. तुम्ही चित्र काढता. घारापुरीला आत पाऊल टाकलं की माणसाचे हात जोडले जातात. तुमच्या रांगोळीपुढे आजवर कुणी हात जोडलेत? लोक भिंगातून बघतात आणि म्हणतात, वा, काय डोळे काढलेत. ज्या दिवशी कुणी आपणहून हात जोडेल त्या दिवशी मी हरलो."

"लेखी द्या."

"लेखी कशाला? मावशी आहेत ना."

मी कप घेऊन निघून गेले. मला मधे घेतलेलं आवडत नाही.

त्याच वर्षी सहल घारापुरीला गेली. लाँचमधून. मी पाण्याचा पिंप आणि उलट्या करणारी पोरं सांभाळायला होते. शिक्षकांनी घरची माणसं आणली होती, वहिनीही होत्या. मी ती मूर्ती बघितली. मोठी आहे. आत गार वाटतं. हात मात्र कुणीच जोडले नाहीत, हे मी लक्षात ठेवून बघितलं. पोरं प्रतिध्वनी काढत होती. वहिनी पायरीवर मूर्तीकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी पिशवीतून बटाटेवडे काढले. मलाही एक दिला. मी सरांना म्हटलं, कुठे हात जोडले? सरांचं लक्ष नव्हतं. ते दोरीच्या पलीकडे मान लांब करून मूर्तीच्या नाकाखाली बघत होते. राखणदारानं शिट्टी मारली. सर मागे आले आणि मला हळूच म्हणाले, "डावी नाकपुडी जरा गडबडलीय त्यांची."

चेहरा असा खुलला होता की पोरांना वाटलं सरांना बरं वाटायला लागलं. लाँचमध्ये सर्वांत जास्त उलट्या त्यांनाच झाल्या होत्या.

पुढे दोघंही रिटायर झाले. शाळेत पोरं कमी होत गेली, वर्ग बंद पडत गेले. पण हॉलची किल्ली माझ्याकडे होती आणि दिवाळीत सर येत राहिले. मग त्यांचा हात थरथरायला लागला.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. फरशी मी पुसायची, म्हणून कळलं. आदल्या वर्षीचं चित्र झाडताना बघितलं, तर कडेच्या रेघेबाहेर रंगाचे ठिपके होते. सरांचे ठिपके कधी बाहेर पडत नव्हते. तेच म्हणाले, "डॉक्टर म्हणतात वाढत जाईल."

"मग आता बंद करा."

"एक राहिलंय."

कुठलं राहिलंय ते विचारायची गरज नव्हती.

त्या दिवाळीत त्यांनी महादेव धरला. मी रोज सकाळी हॉल उघडून द्यायची, संध्याकाळी बंद करायची. कुणाला आत घ्यायचं नाही असा हुकूम. ते फळीवर पालथे पडायचे आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे. थरथर यायची आणि जायची. आली की थांबायचे. गेली की तेवढ्यात चिमूट सोडायचे, परत थांबायचे. बस चुकलेला माणूस दुसऱ्या बसची वाट बघतो तसे. मधल्या चेहऱ्याची पापणी काढायला एक अख्खी दुपार गेली. मी म्हटलं, पापणी नसली तर काय होतं. त्यांनी रुमालातून काहीतरी उत्तर दिलं, ते बरं नव्हतं.

डावीकडचा चेहरा रागीट, मिशीवाला, सापवाला. उजवीकडचा बाईसारखा मऊ. मधला शांत. घारापुरीला तो सगळा दगडाच्याच रंगाचा आहे. सरांनीही दुसरा रंग घेतला नाही. काळा, राखाडी, पांढरा आणि कुठेकुठे विटकरी. बरण्यांतले बाकी सगळे रंग तसेच राहिले.

पूर्ण झालं ती सोमवारची सकाळ होती. संध्याकाळी प्रदर्शन उघडणार होतं. सरांनी इतिहासाच्या सरांना निरोप पाठवला होता की गर्दीच्या आधी येऊन बघून जा. ते प्रभादेवीहून आले. सोमवार म्हणून वहिनी देवळात निघाल्या होत्या, त्याही बरोबर आल्या. हातात झाकण लावलेला तांब्या आणि बेलाची पुडी. मी मोबाईल बादलीत टाकून घेतला. चपला बाहेर काढायला लावल्या. तांब्या ठेवा म्हणाले नाही, कारण तांब्यानं फोटो निघत नाहीत.

इतिहासाचे सर दाराशी उभे राहिले. भिंग दिलं तर त्यांनी घेतलं नाही. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मिशी बरोबर आलीय."

"आणखी?" सरांनी विचारलं. ते बाकावर बसले होते. उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला.

"उत्तम नक्कल आहे. खरंच उत्तम."

माझं लक्ष चित्रकलेच्या सरांकडे होतं, म्हणून वहिनी पुढे गेलेल्या मला दिसल्या नाहीत. फळी अजून बाकांवर होती. वहिनी पदर खोचून त्या फळीवरून गुडघ्यांवर सरकत मधोमध गेल्या, देवळात गाभाऱ्यात जावं तशा, आणि तांब्या कलता केला.

पुढचं सांगितलंच.

"अगं, काय केलंस हे!" इतिहासाचे सर म्हणाले.

वहिनींनी डोळे उघडले. "काय केलंय? सोमवार आसा. महादेव हयसर बसलोहा, त्येका दूध घालूक नको?"

"चित्र आहे ते! रांगोळी आहे!"

"माका कळता ता. आंधळी नाय मी."

"मग?"

"मगे काय? बघता माझ्याकडे. दूध घेवन फुडच्या देवळात जाव? ह्येच्या तोंडावरसून?"

मधला चेहरा तोवर गेला होता. दूध आता मऊ चेहऱ्याकडे निघालं होतं. सर बाकावरून उठले नाहीत. त्यांनी फार शांतपणे विचारलं, "वहिनी, दूध म्हशीचं का?"

"होय, म्हशीचा."

"तरीच. दाट आहे." मग म्हणाले, "घारापुरीला घातलं होतं तुम्ही?"

"थय? थय कित्याक घालतलंय? थय दगड आसा."

सरांनी इतिहासाच्या सरांकडे बघितलं. इतिहासाचे सर खिडकीकडे बघायला लागले. खिडकी बंद होती.

"हात जोडले तर, असं म्हणाला होतात," सर म्हणाले.

"हिला काय कळतं कलेतलं?"

"कलेतलं कळणाऱ्यानं जोडले तर, असं नव्हता म्हणाला."

"बरं, जोडले. मान्य. पण तिथे दगडावर तांबे ओतले तरी पुसलं की झालं. तुमचा देव एका तांब्याला टिकला नाही. आणि आता राहिलं काय? पुरावा काय? मी उद्या कुणाला सांगू की हे त्याच्याहून मोठं होतं, तर दाखवू काय? ओली फरशी?"

"तुम्ही तिघं आहात ना."

"माणसं म्हणजे पुरावा नव्हे. माणसं मरतात." मग एकदम माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही दोन्ही पाहिलंत. सांगा तुम्हीच."

मी मधे पडणार नव्हते. पण फरशी मलाच पुसायची होती आणि हे संपल्याशिवाय पुसता येत नव्हती. म्हणून जे होतं ते सांगितलं. "डोळे दोघांचे मिटलेले. तिथला झोपला होता. हा जागा होता."

इतिहासाच्या सरांनी बादलीतून मोबाईल घेतला, चपला घातल्या आणि वहिनींना म्हणाले, "चल." वहिनी जाताना सरांच्या पाया पडल्या. सर त्यांच्याहून फार मोठे नव्हते. ते संकोचले आणि पाय बाकाखाली घेतले.

मी पोतेरं आणलं. चेहरा आधीच गेलेला होता, म्हणून कुठून सुरू करू ते विचारावं लागलं नाही. सर तिथेच बसून होते.

"मावशी, जिंकलो का हो?"

"जिंकलात. आता पाय उचला."

त्यांनी पाय उचलले. मी खालून पुसून घेतलं. रांगोळी ओली झाली होती, भांड्यांना चालली नाही. दुधाचा वास मारत होती.

संध्याकाळी दारावर पाटी लावली की प्रदर्शन नाही. लोक आले, वाचलं, परत गेले. दोन दिवसांत सगळीकडे झालं की सरांचा हात गेला, काम अर्ध्यावर सुटलं आणि लाजेनं पुसून टाकलं. सरांनी कुणाला खरं सांगितलं नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते. तर म्हणाले, वहिनींना लोक नावं ठेवतील. आणि इतिहासाच्या सरांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्याकडे पुरावा नव्हता. सरांनी पुढे रांगोळी हातात घेतली नाही. बरण्या मला दिल्या. त्यांत मी डाळी ठेवते.

ते गेले ते काही ह्या धक्क्यानं गेले नाहीत. कावीळ झाली होती. बाहेरचा उसाचा रस प्यायचे.

शोकसभेत ऋषी म्हणणारा बसला आणि दुसरा उठला. तो त्यांचा विद्यार्थी होता, आता कुठल्या जाहिरातीच्या ऑफिसात मोठा होता. तो म्हणाला, सरांची एकच इच्छा अपुरी राहिली, त्यांचा महादेव पूर्ण झाला नाही. लोकांनी हळहळ केली. मी मागच्या खुर्चीवर होते. मी उभी राहून म्हटलं, "झाला होता."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. "मावशी, बसा," कुणीतरी म्हणालं. प्रेमानं म्हणालं.

"बसते. पण झाला होता."

इतिहासाचे सर पुढच्या रांगेत होते. हातात काठी आली होती, वरचं बटण लावलेलं होतं. ते उठून उभे राहिले. त्यांनी माइक घेतला नाही.

"त्या बरोबर सांगतायत," ते म्हणाले. "झाला होता. मी पाहिलाय. त्याच्याहून मोठा होता. मी हरलो होतो. पुरावा नाही." आणि खाली बसले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई मला म्हणाली, किती मोठं मन हो, मित्रासाठी असं बोलायचं म्हणजे. कुणाला खरं वाटलं नव्हतं. आणि ज्याला ऐकायचं होतं तो हार घातलेल्या फोटोत होता. फोटोसुद्धा भिंतीवर टांगला होता.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी इतिहासाचे सर न्हाणीघरात पडले, ते उठलेच नाहीत. वहिनी लेकीकडे कोकणात गेल्या होत्या, तिथेच गेल्या वर्षी गेल्या. शाळेची इमारत पाडली, तिथे आता पत्रे लावलेत. हॉल कुठे होता ते रस्त्यावरून सांगता येत नाही.

तो महादेव पाहिलेली माणसं चार होती. आता मी आहे. पंचाहत्तर पूर्ण झाली. गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे.